त्यांच्या गटातला शेवटचा संघ

सर, माझी मुलगी अमेरिकेत एका खेळाच्या नादी लागली आहे. तिकडे त्याला फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध थोडाच. लांबट चेंडू हाताने फेकायचा, नाहीतर पोटाशी धरून पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर पडून पळणाऱ्याला आडवं करायचं. तिकडे रविवारची संध्याकाळ असते तेव्हा इकडे देवगडात सोमवार उजाडतो. मी चहा घेऊन ओटीवर बसते, ती व्हिडिओ कॉल लावते, आणि आम्ही दोघी एकच सामना दोन घरांतून बघतो. पहिल्या वर्षी मला त्यात झटापटीशिवाय काही दिसलं नाही. आता दिसतं. तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असतं, कारण त्यात पकड आहे, आणि पकड तुम्ही कुठल्याही मुलखात ओळखली असतीत.

तिथे चार-चार संघांचे गट असतात. गटातले संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, बाकीचे सामने बाहेरच्यांशी. गटात जो पहिला येतो तो बाद फेरीत जातोच, मग बाहेर त्याने कितीही मार खाल्लेला असो. मुलीचा संघ यंदा गटात पहिला आला. त्या गटातल्या चारही संघांत एक तरी असा खेळाडू आहे, ज्याचा चेहरा तिकडे रस्त्यावरच्या जाहिरातींत दिसतो. तरी सगळे म्हणतात, गट कमकुवत आहे. आमचे जावईही तिला तेच म्हणून चिडवतात. त्यांचं म्हणणं, हे चौघे एकमेकांना हरवून मोठे झालेत. तिचं म्हणणं, चौघेही तोडीचे आहेत म्हणून एकमेकांना दमवतात आणि बाहेर हरतात. मला दोन्ही पटायचं. मग बाद फेरी आली. समोर दुसऱ्या गटातून जेमतेम आत आलेला संघ, ज्यातल्या एकाचंही नाव मुलीला ठाऊक नव्हतं. तिच्या संघाचा चेंडू फेकणारा एवढा नावाजलेला, पण त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहायचे ते दांडगे गडी फुटत होते, आणि त्याला हात मागे न्यायलाही सवड मिळत नव्हती. सपाटून हरले. मुलीने सामना बंद केला. मग म्हणाली, "आई, असे एकेक खेळाडू असून गट कमकुवत कसा असेल गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गटात बसान गट कळना नाय."

"हे कोणाचं? आजीचं?"

"आमच्या सरांचं," मी म्हटलं, आणि मग तिला सगळं सांगावं लागलं. इतक्या वर्षांत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मी आचऱ्याच्या शाळेत दहावीत आहे. भाताची कापणी झाली की तुम्ही मळ्यातली ढेकळं फोडून, पाणी मारून, दाबून कबड्डीचं मैदान करून घेता. किनाऱ्यावरच्या शाळांचा एक गट, कणकवली-कुडाळकडच्या आतल्या शाळांचा दुसरा. नाव आहे ते आमच्या गटाचं. विजयदुर्गची एक मुलगी आहे, तिने घोटा धरला की सुटका नाही. देवगडच्या आंबेवाल्यांची एक उंच मुलगी आहे, तिचा हात कुठून येईल सांगता येत नाही. आणि चढाईला मी. आमचे सामने बघायला लोक सायकलींवरून येतात, मैदानाच्या कडेला उकिडवे बसतात, आणि आम्ही शाळेत जाताना दिसलो की खुणेने एकमेकांना दाखवतात. मला ते आवडत नाही असं मी आईला सांगते. ते खोटं आहे.

जिल्ह्याच्या संघाची निवड कणकवलीला झाली. समितीत तिघे होते आणि त्यांतले एक तुम्ही. आमच्या गटात सगळ्यात जास्त गुण माझे होते, त्यामुळे नावं वाचायला लागले तेव्हा मी खरं तर ऐकतही नव्हते, राज्य स्पर्धेला नेण्यासाठी मावशीकडून पेटी मागायची की पिशवी पुरेल याचा विचार करत होते. किनाऱ्याचं एकच नाव आलं, विजयदुर्गच्या मुलीचं. मग राखीव मुलींची नावं वाचली, तीही संपली. परतीच्या एसटीत आमच्या मुली मागच्या बाकांवर होत्या. तुम्ही चालकाच्या मागच्या बाकावर होतात. मी दांडीला धरत पुढे आले.

"सर, माझा नाव कित्याक नाय?"

"मी तुका घेवक नाय म्हणान," तुम्ही म्हणालात.

एवढंच. समितीवर ढकलता आलं असतं. बाकीच्या दोघांची नावं घेता आली असती. ते तुम्ही केलं नाहीत, हे मला तेव्हाही कळलं आणि त्यामुळे राग कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी वडील तुमच्या घरी आले. त्यांच्या मागून मी. वडील कचेरीत कारकून होते, आणि रागावले की त्यांची मालवणी जाऊन कचेरीतली मराठी यायची. काकींना ताप होता, म्हणून स्वयंपाकघरात तुम्हीच अडाळ्यावर बसून नारळ खवत होतात. चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, घरभर तिरफळांचा वास होता. शाळेत ज्यांच्या शिट्टीने आम्ही जागच्या जागी थांबायचो, त्यांना मी असं पहिल्यांदाच बघत होते.

"बाहेरच्या माणसाने तिला वगळलं असतं तर मी समजून घेतलं असतं," वडील म्हणाले. "आपण तिचे शिक्षक आहात."

"बसा. चेडू बरा खेळता. माझ्यापेक्षा ता कोणाक म्हायत?"

"मग?"

"गट बरो नाय आमचो. सगळ्या शाळांत मिळान तीन-चार चेडवां बरी. बाकीची उभी रवतत आणि बाद होतत. हिचे गुण ते त्यांच्यावरचे."

"हे आपण कशावरून म्हणता? आतल्या शाळा तरी कोण मोठ्या लागून गेल्या?"

तुमचा हात थांबला नाही. "ता अजून कोणाकच म्हायत नाय. गटात बसान गट कळना नाय. दाखवतंय."

आणि तुम्ही दाखवलंत. पुढच्याच महिन्यात आतल्या गटातला एक संघ तुम्ही आचऱ्याला बोलावलात. पहिला आलेला नव्हे, दुसराही नव्हे. त्यांच्या गटातला शेवटचा. आमच्या मुली हसल्या, मीही हसले. त्या मुली एसटीतून उतरल्या तेव्हा धुळीने माखलेल्या होत्या, बहुतेक शेतकऱ्यांच्या, दोघी-तिघींनी एकमेकींसारख्या वेण्या घातलेल्या, त्यामुळे कोण कोणती ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्यात नाव घेण्यासारखी एकही नव्हती. मी पहिल्या चढाईला गेले आणि नेहमीसारखी कोपऱ्यातली हेरली. तिच्याकडे झेपावले तर ती मागे सरली, आणि तिच्या हाताला धरलेली साखळी माझ्या अंगावर मिटली. दुसऱ्या चढाईला तेच. तिसऱ्यालाही. आमच्या गटात मी एकीला हेरायचे आणि बाकीच्या बघत राहायच्या. इथे कोणी बघत राहत नव्हतं. मध्यंतरापर्यंत आमच्यावर लोण चढला होता, आणि वडील मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते.

मध्यंतरात तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. पाणी दिलंत आणि दुसरीकडे गेलात. दुसऱ्या डावात मी कोपरा सोडला. साखळी जिथे जुळते त्या मधल्या मुलीच्या हातावर जायला लागले, कारण साखळी मिटायच्या आधी तिला एक पाऊल उचलावंच लागतं. ते मला कोणी शिकवलं नव्हतं. दोघी मिळाल्या, मग तीन. आम्ही हरलोच, पण थोडक्यात. त्या मुली आमच्याकडची सोलकढी पिऊन, हसत खिदळत परत गेल्या. वडील हाताची घडी सोडून घरी निघाले. तुम्ही माझ्याजवळ आलात आणि म्हणालात, "दुसऱ्या डावात शिकलंस."

पुढे जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरला. वडिलांनी ती बातमी घरात दोनदा वाचून दाखवली. पुढच्या वर्षापासून तुम्ही शाळेतल्या मुलींना दर रविवारी एसटीने आत नेऊन तिकडच्या संघांशी खेळवायला लागलात, आणि दोन-तीन वर्षांत आचऱ्याच्या मुलींची नावं जिल्ह्याच्या संघात यायला लागली. तोवर मी मैदान सोडलं होतं. शिकले, लग्न झालं, देवगडच्या शाळेत गणित शिकवलं. एकदा मला निवड समितीवर बोलावलं होतं. मी प्रकृतीचं कारण सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला बाळंतपणात होते. बातमी उशिरा कळली, आणि ती सांगताना आई म्हणाली, "गटाचो विचार करणारो एकच माणूस होतो गो आमच्यात."

मुलीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या मागे खिडकीत बर्फ पडत होता. "म्हणजे सर बरोबर होते," ती म्हणाली. "आमचा गटही तसाच. चार चेहरे, मागे भिंत नाही."

"बरोबर होते."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. पण बरोबर ते बरोबर."

ती हसली, आणि संघ हरल्याचं दुःख तिच्यापुरतं तिथे संपलं. माझं मात्र तिथून सुरू झालं. फोन ठेवल्यावर मी थंड चहा तसाच घेऊन बसून राहिले, कारण मी तिला अर्धंच सांगितलं होतं. गट कमकुवत होता, हे खरं. पण गटाने जे मला कधी शिकवलं नाही, ते मी एका डावात शिकले. तसं तुम्हीच म्हणालात. मग त्या मुलीला, म्हणजे मला, राज्य स्पर्धेला नेलं असतं तर तिथे ती आणखी काय शिकली असती, हे तुम्हाला विचारायला हवं होतं. त्या दिवशी ते मला सुचलं नाही. मी दमले होते, आणि तुमच्या तोंडून निघालेलं ते एवढंसं कौतुक हातून जाऊ नये असं वाटत होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्ही बरोबर होतात, हे मी मुलीला सांगितलं ते मनापासून सांगितलं. पण समितीत तुमच्या जागी मी असते, तर मी मला घेतलं असतं. राखीव म्हणून नव्हे, सातांत.