सांगून उतरायचं

आई, इथे बहरीनमध्ये उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी कढतच पाणी येतं. म्हणून आम्ही जूनमध्येच गीझर बंद करून टाकतो आणि त्याच्या टाकीत निवलेलं पाणी आंघोळीला घेतो. म्हणजे गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम! हे ऐकून तू कपाळावर हात मारला असतास. आज सकाळी धाकट्याने चुकून भलताच नळ सोडला आणि "हॉट, हॉट" करत बाथरूमभर नाचला, तेव्हा तुझी फार आठवण आली. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. माझ्या दोन्ही मुलांनी तुला फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलंय.

आपल्या गावाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडावर तू मला दरवर्षी न्यायचीस. तो गंधकाचा वास, बुळबुळीत पायऱ्या, बायकांच्या बाजूची ती अर्धवट भिंत. तू जुन्या साडीच्या फडक्यात तांदळाची पुरचुंडी बांधतेस, उगमाशी उकळत्या पाण्यात सोडतेस आणि दोरी माझ्या हातात देतेस. मी कसली धरते! दोरी दगडाखाली दाबून मी सरळ खालच्या कुंडात उडी घेते, आणि डोकं वर काढते तोच पाठीत तुझा ओला धपाटा. "कुणाच्या घरात असा घुसतात काय? आधी सांगायचा, मग उतरायचा." मग तू वाकतेस, दोन बोटं पाण्यात बुडवून डोळ्यांना लावतेस आणि शेजारणीशी बोलावं तशी पाण्याशी बोलतेस, "पाय लावतंय हां बाये, रागाव नको." त्या भाताला गंधकाचा वास यायचा, तरी मी तो मिटक्या मारत खायचे.

यंदाच्या सुट्टीत आम्ही मुलांना अमेरिकेतल्या एका नॅशनल पार्कमध्ये घेऊन गेलो. जिकडे पाहावं तिकडे जमिनीतून वाफा आणि उकळतं पाणी, आणि वास अगदी आपल्या कुंडाचा. मुलांनी नाकं धरली, मी मात्र छाती भरून घेतला. तुला खरं सांगू? मला सारखी भीती वाटते की माझ्या मुलांपर्यंत तुझं काहीच पोचणार नाही. मराठी त्यांना कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. इथल्या सीफ भागातल्या ऑफिसातून मी घरी येते तेव्हा माझ्याही अंगात गोष्टी सांगायचं त्राण उरलेलं नसतं. म्हणून निघताना मी पर्समध्ये तुझ्या साडीचं फडकं आणि त्यात बांधलेले मूठभर तांदूळ घेतले होते. मुलांच्या हातात दोरी द्यायची, तुझी गोष्ट सांगायची, असा माझा बेत. नवरा म्हणाला, "अगं, तिथे तुला आत टाकलं तर सोडवायला मी येणार नाही हां." मी लक्ष दिलं नाही.

एका निळ्याशार उकळत्या डबक्याजवळ, लाकडी पुलावर उभी राहून मी पुरचुंडी बाहेर काढली. लेक किंचाळलीच, "आई, नो! प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!" पार्कच्या गणवेशातली एक तरुण मुलगी लगबगीने आली. शांतपणे म्हणाली, या पाण्यात काहीही टाकायचं नाही, त्याची तोंडं बुजतात, ते आजारी पडतं. बरोबरच होतं तिचं. तूसुद्धा हेच म्हणाली असतीस. पण मी कानकोंडी झाले, पुरचुंडी पर्समध्ये कोंबली आणि तडक गाडीत जाऊन बसले. एवढ्या लांब तुला घेऊन आले आणि मुलांसमोर साधी ओळखही करून देता आली नाही, याचं रडू येत होतं.

संध्याकाळी पार्कबाहेरच्या गावात गरम पाण्याचा एक मोठा हौद होता, तिथे सगळ्यांना उतरू देतात. धाकटा बापाचा हात धरून केव्हाच आत. मी काठावर टॉवेल घेऊन फुरंगटून बसले होते. लेक पायरीवर थांबली, वाकली, दोन बोटं पाण्यात बुडवून डोळ्यांना लावली आणि पुटपुटली, "पाय लावतंय हां बाये, रागाव नको." अगदी तुझ्या हेलात, आई! आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"यू डू इट, आई. इन अवर पूल. एव्हरी टाइम."

इथे बहरीनमध्ये, जनाबियातल्या आमच्या वसाहतीच्या पूलमध्ये, त्या क्लोरीनच्या पाण्याला, मी प्रत्येक वेळी हे म्हणते! मला पत्ताच नव्हता. आणि मी वेडी तांदूळ घेऊन जगभर हिंडत होते.

ते तांदूळ परत आणले. काल वरणाबरोबर कुकरला लावले, मुलांनी निमूट खाल्ले. फडकं धुऊन बाल्कनीत वाळत टाकलंय, ते वाळलं की हे कागद त्यातच बांधून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार?

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी लेकीने विचारलं, "इज इट युवर ओन थिंग?" आणि मी चटकन "हो" म्हणून गेले. ती माझं बघून काहीतरी उचलतेय, या आनंदात तुझं नाव घ्यायचं राहूनच गेलं. सांगेन तिला. पण अजून थोडे दिवस ते माझंच राहू दे. रागाव नको.