शेवटचा तुकडा कोणी शिकवला

१३ जानेवारी

छापणार! माझा बेडकांवरचा लेख छापणार! किती ठिकाणांहून साभार परत आलेला तो लेख! मेल वाचून प्रयोगशाळेतच ओरडले. मग तडक बँडच्या सरावाच्या यार्डात—पोलादी पिंपाचा तो पॅन वाजवायला कमी, सांगायला जास्त.

माझ्या शेजारच्या पॅनवर लेनॉक्सकाका असतात. बस चालवून निवृत्त झालेले, पण खरा जन्म या बँडमध्ये गेला. ऐकताच ओरडले, "ए, गप्प बसा सगळे! आपल्या बेडूकबाई जगात गाजल्या!" मग हळूच, "माझं नाव आहे का गं त्यात?"

आहे! अगदी शेवटी, आभारात. 'लेनॉक्स ग्रेल, संध्याकाळच्या सोबतीसाठी.' काकांनी काठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "बेडकांच्या आधी की नंतर?"

१५ जानेवारी

विभागात माझ्यासाठी पार्टी. रम पंच, पेलाव भात, भाषणं. सराव बुडवला. एका संध्याकाळने काय बिघडतंय!

१६ जानेवारी

बिघडलं!! धून बसवणाऱ्या डेक्स्टरने काल शेवटचा तुकडा अख्खा बदलला. आमच्यात कागदबिगद नसतो—तो वाजवून दाखवणार, आपण तिथल्या तिथे हातात बसवायचं. आणि मी काल नव्हतेच! आणि आज यार्डात पॅन सुरात लावायला माणूस आलाय, मंगळवारपर्यंत सराव बंद. मंगळवारी बँडची कॅप्टन जॉस्लिन आम्हा नव्यांना एकेकटं वाजवायला लावणार. मंचावर जागा मोजक्या.

"लेख छापून आला की सुट्टी लागते का, मॅडम?" एवढंच बोलली ती. बोचलं.

मला कार्निव्हलच्या मंचावर उभं राहायचंय. लेखाइतकंच. खरं म्हणजे लेखापेक्षा जास्त.

काकांना फोन केला. "रडतेस काय? रविवारी घरी ये. शिकवतो."

१८ जानेवारी

दुपारभर काकांच्या व्हरांड्यात, त्यांच्या जुन्या पॅनवर. आधी पुरीसारखा तळलेला बेक आणि खारा मासा—खाल्ल्याशिवाय काठ्याच देईनात. चुकले की मनगटावर टिचकी. "बेडूक पकडतेस का? हलक्या हाताने!"

काय तुकडा आहे! वर चढतो, थबकतो, आणि एकदम धावत खाली येतो. काका डोळे मिटून वाजवत होते. मला हा माणूस फार फार आवडतो. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२० जानेवारी

वाजवला. मनापासून. हात कुठेही अडखळला नाही.

संपवला. डेक्स्टरने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन अगदी जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "हा शेवट आपल्या जुन्या धुनेचा आहे. तेव्हा तू बँडमध्ये नव्हतीस. कोणी शिकवला?"

काका ऐकणाऱ्यांत उभे होते. हसत, मान डोलवत—शाब्बास म्हणून! आपण जुनाच शेवट शिकवला, हे त्यांना कळलंच नव्हतं. नाव घेतलं असतं तर मी वाचले असते. पण काका विसरायला लागलेत हे उघड झालं असतं, त्यांचा पॅन गेला असता.

"कोणी नाही. जुनं रेकॉर्डिंग ऐकून मीच बसवला."

"मग घरी जा."

आले. रस्ताभर रडले. आज पहिल्यांदा लेखाची आठवणसुद्धा झाली नाही.

२१ जानेवारी

सकाळी दारात कॅप्टन! हातात गरम डबल्सच्या—चणे भरलेल्या पुऱ्यांच्या—पुड्या. बसायच्या आधीच म्हणाली, "कोणी शिकवला ते मला कालच कळलं होतं. दोन वर्षं काकांच्या पलीकडच्या पॅनवरचा मार्लन त्यांना मानेने खुणावतो, म्हणून ते बरोबर वाजवतात. तो आता कॅनडाला निघालाय. मला तोंड न उघडणारं माणूस हवं होतं. संध्याकाळी लवकर ये, खरा शेवट शिकून घे. मंचावर तू त्यांच्या शेजारी, खुणा आता तू करायच्या. आणि हे बघ—त्यांना कळता कामा नये."