टॉवरसाठी अस्वल

मंगळवार, ६ मे

— आणि शेवटचा मजला चिकटवला. पुठ्ठ्याचं मॉडेल माझ्या खांद्याला लागतं. खाली हॉटेल, वर राहती घरं, माथ्यावर पोहण्याचा तलाव. राजधानी असूनही तिरानात असं काही नाही. आता असेल.

आर्दियाननं शेंड्याला कापडी अस्वल बांधलं. इथे घर बांधायला काढलं की वर बाहुली टांगतातच, दृष्ट तिच्यावर जावी म्हणून. पण हा पुठ्ठा आहे! आणि आर्दियान माझा भागीदार, तोरिनोत शिकलेला. म्हणाला, "पुठ्ठ्यालाही लागते. माझ्या आईला विचार."

बुधवार, ७ मे

टॉवरच्या जागेवरचं कोपऱ्यातलं घर तेवढं उरलंय. नेवरूझकाकांचं. बाकीच्यांनी जमिनीच्या बदल्यात फ्लॅट घेतले, सह्या केल्या. काकांची सही शनिवारपर्यंत हवी, नाहीतर हॉटेलवाले दुसरं शहर बघणार.

होईल. घर एकमजली. छपरातून गंजक्या सळया वर आलेल्या — मुलाच्या मजल्यासाठी ठेवलेल्या. मुलगा ब्लेदार समुद्रापलीकडे बारी शहरात कामाला गेला, तिथेच राहिला. मजला झालाच नाही. काका अडून बसलेत ते कोणासाठी?

गुरुवार, ८ मे

हॉटेल कंपनीची बाई व्हिएन्नाहून आली. मॉडेल आवडलं. अस्वलाकडे बघून विचारलं, इथे कोणाचं मूल आलंय का. मी ते काढून खणात टाकलं. आर्दियान चिडला.

शुक्रवार, ९ मे

नेवरूझकाका ऑफिसात आले. कोट, टाय. कॉफी घेतली, वर राकी दारूचा पेलाही घेतला. मॉडेलमध्ये त्यांना त्यांचा फ्लॅट दाखवला — अकरावा मजला, समोर दायतीचा डोंगर. काकांनी वाकून पुठ्ठ्याच्या खिडकीतून आत बघितलं. मग प्रश्न. खांब किती जाड लागतो. जुन्या भिंतीवर नवा मजला पेलतो का. गंजलेली सळई घासून चालते का. मी सगळं सांगितलं, कागदावर काढूनही दिलं. इतका रस घेणारा मालक आजवर भेटला नव्हता!

जाताना शेंड्याकडे बघत थांबले.

"पोरी, इमारतीला बाहुली नाही?"

"होती, काका. पाहुण्यांना आवडली नाही."

"मग मी नेऊ?"

नातवंडांसाठी असेल. खणातून काढून दिली. ब्लेदार उन्हाळ्यात येतोय म्हणाले, बायकामुलांना घेऊन, कायमचा. मी म्हटलं, फ्लॅट मोठा आहे, सगळे मावतील. हसले. सहीचं विचारलं तर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी घरी ये. कॉफी पाजतो."

आर्दियानला सांगितलं — झालं काम. त्यानं बाटली उघडली.

शनिवार, १० मे

सकाळी गेले. दारात रेतीचा ढीग, विटा. मी काल काढून दिलेला कागद भिंतीला खिळ्यानं ठोकलेला. काका छपरावर सळया घासत होते. सगळ्यात उंच सळईला आमचं अस्वल. काका खाली उतरले, हात धुतले, कॉफी पाजली.