पाचव्या पावलावर दार

घिवली,
मंगळवार

तीर्थस्वरूप पुष्पलतामावशीस,

कुंदनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं अजून ठिकाणावर आहे तोवर घेऊन टाक.) तुझा गुडघा कसा आहे? काका बोटीवरून आले का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे आई मजेत आहे, मी नाही. फोन सोडून पत्र का लिहिलं म्हणून आठी घालू नकोस. तू फोन स्पीकरवर टाकून कोळंबी सोलत बसतेस आणि माझी अब्रू अख्ख्या एडवणात वाटली जाते. हे एकटीने वाच. चष्मा सापडला नाही तर उन्नतीकडून वाचून घेऊ नकोस. ती तुझी मुलगी असली तरी तिचं तोंड म्हणजे दुसरा स्पीकर आहे. आधी चष्मा शोध.

हिमानीच्या वडिलांनी, नामदेवकाकांनी, काय निरोप धाडला ते तुला ठाऊक आहे. होळीच्या आत पोराला नोकरी लागली तर बोलू, नाहीतर वाणगावचं स्थळ तयार आहे. (ते स्थळ मी पाहून आलो. ढोबळी मिरचीच्या वाडीत राहून राहून माणूस तसाच दिसायला लागलाय, बाहेरून गुळगुळीत, आत पोकळ. पण ते असो, मी कुणाला नावं ठेवत नाही.) म्हणून गेल्या शनिवारी मी बोईसरला, एमआयडीसीतल्या एका पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात, स्टोअरच्या जागेसाठी इंटरव्ह्यूला गेलो.

तयारी ललितदादाने करून घेतली होती. त्याला स्वतःला अजून नोकरी नाही, पण इंटरव्ह्यूचा अनुभव दांडगा. त्याने तेरा प्रश्नांची तेरा उत्तरं पाठ करून घेतली. आईने पांढरा शर्ट धुतला आणि बोंबील वाळतात त्याच दोरीवर, बोंबलांच्या मधोमध, वाळत घातला. म्हणाली, इथं ऊन चांगलं लागते. ऊन लागलंच, पण एकटं ऊन लागलं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसलेला एक भैया थोडा सरकला, मग उठून उभाच राहिला.

आत कुशल नावाचे साहेब होते. त्यांनी दोनदा नाक वर केलं, खिडकी उघडली आणि म्हणाले, असे बोंबील आमची बायको दर शुक्रवारी पालघरच्या बाजारातून आणते, मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या एका मावशीकडून, जी एक रुपया सोडत नाही आणि वर उपदेश करते. मी ओळखलं, ही तूच. उपदेशावरूनच ओळखलं. पण तुझं नाव सांगितलं नाही. वशिल्याने नोकरी मिळवणाऱ्यांतला मी नाही.

मग त्यांनी विचारलं, तुझा दोष कोणता. मी ताठ बसून पाठ केलेलं म्हटलं, की सर, मी कष्ट फार करतो, मला थांबताच येत नाही. साहेब म्हणाले, "सकाळपासून चौघांना हाच आजार आहे." पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस, तर मी म्हटलं, तुमच्या खुर्चीत. (हे ललितदादाचं. तो भेटला की कान उपटणार आहे.) साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, एवढा जोर लावू नकोस रे, पुठ्ठा फाटेल.

झालं. माझं डोकं तापलं, आणि नेमकी तेव्हाच तू आठवलीस. गरज दाखवू नाय, गिऱ्हाइकाला चार पावलं जाऊ द्यावं, मंग हाक मारावी. हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस. मी ठरवलं, आता गरज दाखवायची नाही. उठलो, "बरं, येतो" म्हटलं आणि चालायला लागलो. एक पाऊल, दोन, तीन, चार. हाक नाही. पाचव्या पावलावर दार आलं. मागून आवाज आला तो पुढच्या उमेदवाराच्या नावाचा.

(घरी सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसली. "पाटीवाली कधी उठून जाते काय रे? जाते ते गिऱ्हाईक. तू पाटी तिथंच ठेवून चालत सुटलास." हे तिने आधी सांगायला हवं होतं. तुम्ही दोघी बहिणी अर्धं अर्धं शिकवता.)

पाटी खरंच तिथे राहिली होती. गेटपर्यंत पोहोचल्यावर कळलं की फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. मार्कशीट गेली असती तरी चाललं असतं, मार्क तसेच आहेत, पण आतल्या कप्प्यात हिमानीचा फोटो होता. पुढचा उमेदवार बाहेर येताच परत आत गेलो. नोकरी तर गेलीच होती, त्यामुळे ना नमस्कार ना हसू, फाईल उचलली. साहेबांनी मान वर न करता विचारलं, कॉलेज का सोडलंस. ललितदादाचं उत्तर होतं, घरची जबाबदारी. मी म्हटलं, एका मुलीला लिहिलेली चिठ्ठी सरांनी वर्गात मोठ्याने वाचली, मी भांडलो. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं, मागितली नाही, आता वाटतं मागायला हवी होती. साहेबांनी मान वर केली. स्टोअरमध्ये माल कमी आला तर काय करशील? म्हटलं, "आधी मोजीन, मग भांडेन. आजवर उलटं करत आलोय."

साहेब पहिल्यांदा हसले. ललितदादाची तेराच्या तेरा उत्तरं मी समुद्रात सोडली आहेत.

आईचा नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
कुंदन

ता. क. साहेब हसल्यावर म्हणाले, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून येशील? मावशी, तुझी शिकवण इतकी मुरली आहे की तोंडातून निघालं, "विचार करून सांगतो." आणि बाहेर पडलो. आता मी स्वतः फोन केला तर गरज दिसेल. तेव्हा शुक्रवारी साहेबांची बायको बाजारात आली की तिला सांग, तो बोंबलाच्या वासाचा मुलगा आपला आहे आणि सोमवारी येतोय. (वशिला नव्हे. चार पावलं मी चाललो, हाक मारायचं काम पाटीवालीचं.) त्या दिवशी भाव थोडा पाडू दे. उपदेश करू नकोस.

आणखी एक. हे पत्र बर्फाच्या टेम्पोवाल्याकडे देतोय, कारण पोस्टाने उशीर होईल आणि उशीर चालणार नाही. काल नाक्यावर नामदेवकाका भेटले. शेजारी हिमानी उभी होती. काकांनी विचारलं, लागली काय नोकरी? चार पावलं आठवली नाहीत, तेरा उत्तरं आठवली नाहीत. जोर न लावता, अगदी सहज, "लागली" म्हणून गेलो. हिमानी हसली. आठवड्याभरात दिलेलं माझं सगळ्यात चांगलं उत्तर तेच. तेवढं शुक्रवारी खरं करून टाक.