चौदा नंबरचे पडदे

मी, अनसूया केसरीनाथ तरे, वय ७१, निवृत्त बालवाडी शिक्षिका, राहणार कामतघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडलंय ते हृदय. येत्या मंगळवारी ठाण्याला त्याची झडप बदलायची आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आहे तो माझ्याच मनाचा, आणि तो चोवीस वर्षांचा जुना आहे. त्याचं कलम पुढे येईल.

१. घर. माझे पती कै. केसरीनाथ पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. आम्ही दोघांनी मिळून घेतलेल्या या दोन खोल्या आज माझ्या नावावर आहेत. त्या मी माझा एकुलता एक मुलगा आल्हाद, राहणार कल्याण, याला देते. त्याने विकाव्यात, भाड्याने द्याव्यात की येऊन राहावं, हे त्याचं त्याने ठरवावं. मेल्यावर घरावर पहारा देत बसायची मला हौस नाही.

२. घरातलं सामान. खोल्या घेतल्या तेव्हा सजवायला हातात काही उरलं नव्हतं. मग कारखान्यात जे फेकून देत तेच मी घरी आणलं. मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा मोडला की जळणात जायचा. तसला एक दारामागे लावून त्याला किल्ल्या अडकवल्या. उभं सूत गुंडाळायच्या बीमच्या लोखंडी चकतीला पाय जोडून टेबल झालं, त्यावरच आत्ता लिहिते आहे. आरशाची चौकट बालवाडीतल्या पोरींच्या फुटक्या बांगड्यांची आहे, आणि तेलाच्या डब्यांना रंग दिला तर कुंड्या दिसतात की नाही ते गॅलरीत जाऊन बघावं.

हे सगळं मी सून तनया हिला देते. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा ती म्हणाली होती, "आई, हे घर आहे की भंगारवाल्याचं गोडाऊन?" सगळे हसले, मीही हसले, पण मला ते लागलं होतं. तरी पोर मनाने चांगली आहे. तिला सगळं फेकायची मुभा आहे. अट एकच: नवीन काही आणण्याआधी महिनाभर रिकाम्या घरात राहावं. ऊन कुठे येतं, आलेला माणूस आपसूक कुठे टेकतो, ते बघावं आणि मग हवं ते आणावं. आधी सामान भरलं की घर सामानाचं होतं आणि माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात.

३. बँकेतल्या ठेवीतून आधी दवाखान्याचं भागवावं. उरेल ते आल्हादचं.

४. माझे दीर राघो यांनी माझ्या पतींच्या तेराव्यालाच आमचं तांब्याचं घंगाळ "जरा वापरायला" म्हणून नेलं. ते अजून वापरताहेत. त्याचं निघालेलं एक कडं माझ्याकडे राहिलं आहे. तेही त्यांना पोचवावं. अर्धवट वस्तू घरात असू नये.

५. दारावरचं घड्याळ. हे सन २००१ साली महिला मंडळाच्या "कमी खर्चात सुंदर घर" या स्पर्धेत पहिलं बक्षीस म्हणून मिळालं. हे मी कोणालाही देत नाही. का, ते पुढच्या कलमात आहे.

६. खिडकीचे पडदे. येणारा प्रत्येक जण आधी यांचंच कौतुक करतो. मऊ सुती कापड, कांद्याच्या सालीच्या पाण्यात रंगवलेलं, सोनेरी. "कुठून आणलेत?" असं विचारलं की मी चोवीस वर्षं "चिंध्यांचे आहेत हो" म्हणत आले. ते खोटं आहे.

माझे पती जॉबर होते त्याच कारखान्यात हबीबा हारून बुबेरे कांड्या भरायची. धोट्यात बसते ती आडव्या सुताची कांडी. पंधरा वर्षं तिने तेच काम केलं. चिंध्यांची पोती विकायचं कामही मुकादमाने तिच्याकडे दिलं होतं. बाकीच्या बायकांना भरलेलं पोतं मिळे. मी मैत्रीण, म्हणून मला ती ढिगातून वेचू द्यायची. एका सोमवारी ढिगाच्या कडेला डाग पडलेल्या टोकाची एक मोठी घडी दिसली. चिंधी समजून मी ती पोत्यात कोंबली.

आमच्याकडे विणकर ताग्याच्या टोकाला आपल्या लूमचा आकडा पक्क्या रंगाने घालतो. आकडा असला तर माल, नसला तर चिंधी, हे कामतघरात पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी कापड डागाच्या टोकाकडून उलगडलं, उकळलं, रंगवलं, कापलं. शेवटचा काठ दुमडायला घेतला तेव्हा दुसऱ्या टोकाला आकडा दिसला: १४. तो मी काठाच्या आत घेतला आणि वरून पानांची वेल भरली.

बुधवारी हबीबा आली. खिडकीजवळच्या पेटीवर बसली. म्हणाली, "अनसू, तुझ्या पोत्यात चुकून चांगला माल गेला काय गं? मुकादम बोलतो मीच लांबवला."

मी म्हणाले, "न्हाय गं बाय, माझ्याकडं चिंध्याच आल्यात."

तिने चहा घेतला. पडद्याचा काठ दोन बोटांत धरला, "रंग झकास चढलाय" म्हणाली आणि गेली.

आमच्या यांना सांगितलं असतं तर हे तसेच उठून शेठकडे गेले असते, यांचीही नोकरी गेली असती, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण फार लहान होतं. शनिवारी परीक्षक यायचे होते, आणि पडदे फार सुंदर झाले होते.

हबीबाला कामावरून काढलं. मग कामतघरातल्या एकाही कारखान्यात तिला कोणी उभं केलं नाही; तिने लोकांच्या घरच्या रोट्या लाटल्या. तिच्या मुलीला, नाजनीनला, शाळेत "तागेवाली" म्हणून चिडवत. तरी दर ईदला हबीबा माझ्याकडे शीरखुर्मा घेऊन येते आणि खिडकीकडे पाठ करून बसते. मला वाटायचं, तिला उन्हाची तिरीप लागते.

तरी मी लिहून देते की तो तागा हबीबाने नेला नाही, मी नेला. पडदे आणि माझं शिलाई मशीन मी तिला देते.

७. कलम सहामधली देणगी रद्द. हे माझ्या मरणानंतर वाचलं जावं, असं मी ठरवलं होतं. पण तोही पळपुटेपणाच. म्हणून काल हबीबाला बोलावून सगळं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "मला तवाच कळलेलं. पंधरा वर्सं कापडात काढली. बोटांत धरलं का कळतं, चिंधी हाय का माल."

"मग बोलली का न्हायस?"

"तू बोलशील म्हनून बसलेली. चहा संपला तरी बसलेली मी."

 पडदे आणि मशीन तुझंच आहे, एवढं मी म्हणाले.

"पडदे घरात लावून रोज त्यांचं तोंड बघू? मशीन पन नको. मला ह्या कागदाखाली सही करायची हाय."

वकिलांनी बजावलं होतं की ज्याला काही द्यायचं त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. ते मी तिला सांगितलं.

"मग मला काय देऊच नको," हबीबा म्हणाली. "आनि मरायची वाट कशाला? एक कागद नाजनीनला आजच दे."

तिने ब्लेड मागून घेतलं आणि काठ स्वतः उसवला. आकडा आजही ठळक आहे. तो तुकडा या मृत्युपत्राला टाचला आहे. बाकीचे पडदे मी उतरवले. खिडकी सध्या उघडी आहे. मशीन बालवाडीला द्यावं. नाजनीनला प्रत काल संध्याकाळीच पोचली. माफ केलं, असं हबीबा म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

वर लिहिलेलं सगळं मी दोघी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं, कलम सहा हबीबाच्या सांगण्यावरून दोनदा, आणि मग त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण: कामतघर, भिवंडी
दिनांक: ९ जानेवारी २०२५

मृत्युपत्र करणार: अनसूया केसरीनाथ तरे (सही)

साक्षीदार १: उन्नती हिरामण भोईर (सही)
व्यवसाय: शिक्षिका. शेजारी राहते.

साक्षीदार २: हबीबा हारून बुबेरे (सही उर्दूत)
व्यवसाय: कांडी भरणे. साक्षीदाराने असंच लिहायला सांगितलं.