मारिविकताईचा फोन

मारिविकताई, तुझा फोन शोधत बसू नकोस, मी गच्चीवर नेलाय. रात्रपाळी करून झोपली होतीस. खरं तर उठवून मागायची लाज वाटली. भात झाकून ठेवलाय.

काल बाबा गेले. तिकडे घरी, इलोइलोला, भाऊ शवपेटीपाशी फोन घेऊन बसलाय.

इथे दुबईत विकलेल्या फोनवर व्हिडिओ कॉलला बंदी असते, म्हणून माझ्यावरून होत नाही, हे खरंच. पण तुझा फोन बाहेरून आणलेला, त्यावरून होतो. तू कितीदा म्हणालीस, "घे गं, बोल घरी!" मी हे घरी कळूच दिलं नाही; "इथे बंदी आहे" असंच सांगत राहिले. कामावरून आल्यावर बोलायचा कंटाळा यायचा, एवढंच.

बाबा शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, "आमची जोनालिन तिथला कायदा मोडत नाही."

आता भाऊ विचारेल, "बंदी कधी उठली?" तेही बाबांच्या उशाशी बसून.

— जोनालिन