दवाखान्याचं काय म्हणाले?

१४ जाने.
आंबेगावच्या डोंगरात, वरच्या वाडीत. झेडपी निवडणुकीची बातमी करायला. तिथला सरकारी दवाखाना बांधून तयार, दाराला कुलूप. वाडीतल्या हिराबाईंची सून दिवाळीत, खाली तालुक्याला नेताना जीपमध्येच बाळंत झाली. बाळ गेलं. हिराबाई कॅमेऱ्यासमोर रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, कुलूप कोन काढनार तेवढं दोघा उमेदवारांना इचारा. मग मताचं बघू."
विचारायचंच.

१७ जाने.
विचारलं. दोघांनाही, एकच प्रश्न. पहिले म्हणाले, डॉक्टर टिकत नाहीत, आधी त्यांना राहायला खोल्या बांधू. दुसरे आधी भडकले, "विरोधकांनी पाठवलं का तुम्हाला?" मग जरा निवले. खोल्या होईपर्यंत तालुक्याचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा आणू, म्हणाले. दोन वेगळी उत्तरं. लोकांना ताडून बघता येतील. सगळं मुंबईला, चॅनेलला पाठवलं.

१८ जाने.
चॅनेलवर लागलं. फक्त भडकल्याचं. परत परत तेच, खाली लाल पट्टी: महिला पत्रकारावर संतापले. दवाखाना कुठंच नाही. डेस्कवरच्या सरांना फोन केला. "मॅडम, दवाखाना कोण बघतं? तुमचं हे जोरात चाललंय. आणि जुन्नरकडं बिबट्या दिसला तर लगेच पाठवा."
आळेफाट्याला ह्यांच्या गॅरेजवर माणसं येऊन सांगतायत, वहिनी लई भारी दिसल्या.
टीव्ही बंद केला.

२० जाने.
हिराबाईंचा फोन. "तुमी दिसला टीव्हीत. पर दवाखान्याचं काय म्हनले ते आलंच न्हाई." मी सांगायला लागले, तर मधेच, "तुमी नका सांगू ताई. त्यांच्या तोंडून ऐकू द्या."
दोघांची अख्खी मुलाखत माझ्या फोनमध्ये आहे. पण ती चॅनेलची. बाहेर दिली तर काम जाणार. ह्यांना विचारलं. "तुझं तू ठरव. मी हो म्हनलो अन् काम गेलं, तर जल्मभर ऐकवशील."
घरात नुसत्या येरझाऱ्या. भाकरी करपली.

२१ जाने.
दिली. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.
संध्याकाळी डेस्कवरच्या सरांचा फोन. "सध्या तुमचं काम थांबवतोय."
सध्या म्हणजे?

२४ जाने.
वाडीनं दोघांनाही आज दवाखान्याच्या दारात बोलावलं. जे म्हणालात ते इथं उभं राहून बोला, असा निरोप. पहिल्यांनी कळवलं, वेळ नाही. दुसरे आले. गाडीतूनच मला, "चॅनेल कुठंय?"
म्हटलं, नाही. मी एकटीच आलेय.
त्यांनी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरनं गाडी चालूच ठेवलेली. तेवढ्यात हिराबाईंनी पुढं होऊन गाडीचं दार उघडलं. "उतरा पावणं. ऐकनारी आमी हाय की."
त्यांनी एक पाय बाहेर टाकला, आणि त्यांचा फोन वाजला.
अजून बोलतायत. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हे खरडतेय. हिराबाईंची सून गाडीसमोर जाऊन उभी राहिलीय. तिला कुणी बाजूला हो म्हणत नाही.